मण्यारीवरचं व्याख्यान

“सर, बल्ब गेला,” तातोबा म्हणाले.

पडद्यावर फणा काढून उभा असलेला नाग एकदम नाहीसा झाला. खिडक्यांना काळे पडदे लावलेले, त्यामुळे संग्रहालयाच्या त्या लांबट दालनात भर संध्याकाळी पाच वाजता अंधार झाला. सव्वाशे माणसं एका सुरात हळहळली. मी हातातली काठी टेबलावर ठेवली, जरा जोरातच.

“दुसरा लावा.”

“दुसरा न्हाई, सर.”

“नाही कसा? मागच्याच महिन्यात दोन आणले होते ना?”

 प्रोजेक्टरवर वाकून तातोबा उगाच झाकण उघडत होते, लावत होते. पुढच्या सहा स्लाइड मण्यारीच्या होत्या. त्या मी स्वतः तयार करून घेतल्या होत्या, एकेक फोटो मिळवायला किती पत्रं लिहिली होती. पण समोर एवढी माणसं बसलेली. मी कुणाला तरी पडदे सरकवायला सांगितलं. उजेड आला तसा मी कपाटाकडे गेलो, काचेचं दार उघडलं आणि मण्यारीची बरणीच बाहेर काढली.

“फोटो कशाला?” मी म्हणालो. “ही खरीच बघा.”

लोक खूश झाले. मागच्या रांगेतली पोरं बाकांवर उभी राहिली. तातोबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं मला तेव्हा मुळीच कळलं नाही. बल्ब गेल्यामुळे ओशाळले असतील, एवढंच वाटलं.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. मी एकतीस वर्षांचा होतो. विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि विभागाच्या संग्रहालयाचा कारभारही माझ्याकडे होता. संग्रहालय म्हणजे काय, तर एक मोठं दालन, दोन्ही भिंतींना सागवानी कपाटं, कपाटांत पेंढा भरलेले पक्षी, हाडांचे सांगाडे, आणि फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले साप, बेडूक, मासे. वर्षातून एकदा परीक्षेच्या वेळी विद्यार्थी यायचे, एरवी कुलूप. मला ते बघवेना. मी कुलगुरूंच्या मागे लागून दर दुसऱ्या शनिवारी गावातल्या लोकांसाठी व्याख्यानं सुरू केली. तिकीट नाही, ओळखपत्र नाही, चपला काढायच्या आणि यायचं. भाषा साधी मराठी. एस.टी. स्टँडवर, भाजी मंडईत, सुतगिरणीच्या दारावर मी स्वतः कागद चिकटवले होते. पहिल्या व्याख्यानाला अकरा माणसं होती. आठव्या व्याख्यानाला, म्हणजे सापांच्या त्या दिवशी, बसायला बाक उरले नव्हते.

या सगळ्यात तातोबा कुंभार हा माझा उजवा हात होता. संग्रहालयाचे ते परिचर. चाळिशीला आलेले, सावळे, मितभाषी. बरण्यांतलं द्रावण बदलायचं, पक्ष्यांच्या पिसांवर कापूर घालायचा, चिठ्ठ्यांवर सुवाच्य अक्षरात नावं लिहायची, सगळं तेच बघायचे. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण पंधरा वर्षं प्राध्यापकांच्या मागे उभं राहून त्यांना जे कळलं होतं, ते आमच्या एम.एस्सी.च्या मुलांना कळत नव्हतं. व्याख्यानाला प्रोजेक्टर तेच चालवायचे. मी ‘हं’ म्हणायच्या आत पुढची स्लाइड पडद्यावर आलेली असायची.

एकच गोष्ट मला खटकायची. ते बायकोला कधी व्याख्यानाला आणत नव्हते.

“गावातल्या बायका येतात, तातोबा, आणि तुमच्या घरातून कुणी नाही?”

“तिला काय कळतंय त्यातलं, सर.”

“कळावं म्हणून तर बोलवायचं.”

“बघू म्हणं.”

तीन-चारदा असं झालं. मग सापांच्या व्याख्यानाचं ठरलं आणि मी पुन्हा विचारलं. या वेळी ते म्हणाले, “हिला बरं न्हाई, सर.” मला ते खोटं वाटलं आणि खोटंच होतं. मी तेव्हा नुकताच शिकवायला लागलेला, जगाला शहाणं करायला निघालेला माणूस. माझ्याच हाताखालच्या माणसाच्या घरात अंधार आहे, आणि तो त्यालाच हवा आहे, असं मला वाटायला लागलं. शुक्रवारी संध्याकाळी मी परस्पर त्यांच्या घरी गेलो. विद्यापीठाच्या मागे, विहिरीपलीकडे परिचरांच्या दोन-दोन खोल्या होत्या. तातोबा बाजारात गेले होते. त्यांची बायको, हौसाबाई, दारात तांदूळ निवडत होत्या. बारीक अंगाच्या, हसऱ्या डोळ्यांच्या. त्या पदर सावरून उभ्या राहिल्या.

“वहिनी, उद्या पाच वाजता यायचं,” मी म्हणालो. “तातोबा नाही म्हणाले तरी यायचं. माझं आमंत्रण आहे.”

“कशाचं हाय, सर?”

“सापांचं.”

“सापाचं व्हय?” त्या हसल्या. “आमच्या गावाकडं लई साप. यीन की. घरात बसून तरी काय करायचंय!”

त्या आल्या. हिरवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी आत आलो तेव्हा मान लववून हसल्या. मला केवढं समाधान वाटलं.

तर, बरणी हातात घेऊन मी मण्यारीबद्दल बोलायला लागलो. काळीनिळी, अंगावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या. दिवसा सुस्त, रात्री फिरणारी. उंदराच्या मागावर घरात येते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि झोपेत कूस बदलली की चावते.

“आणि गंमत बघा,” मी म्हणालो. ‘गंमत’ हाच शब्द मी वापरला होता, मला नीट आठवतं. “नाग चावला तर माणूस ओरडतो. घोणस चावली तर पाय सुजतो. मण्यार चावली तर काहीच होत नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं. कित्येकांना जागही येत नाही. खूण तर भिंग घेऊन शोधावी लागते. मग घरातल्यांना कळणार कसं?”

सभागृह गप्प होतं. असं गप्प झालेलं सभागृह मला फार आवडायचं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक हात वर झाला. हौसाबाईंचा.

“सर, पोटात दुखतंय का हो त्यात?”

मी इतका हरखलो! आठ व्याख्यानांत एकाही बाईने प्रश्न विचारला नव्हता. आणि विचारला तो कुणी, तर आमच्या तातोबांच्या घरातल्यांनी, आणि तोही इतका नेमका.

“शाबास!” मी जवळजवळ ओरडलोच. “अगदी बरोबर विचारलंत, वहिनी. डॉक्टरसुद्धा इथेच फसतात. मण्यार चावल्याचं पहिलं लक्षण बहुतेकदा हेच, पोटात कळा. पहाटेच्या सुमाराला मूल उठतं, पोट दुखतं म्हणतं, ओकारी होते. घरच्यांना वाटतं, काहीतरी खाण्यात आलं. ओवा देतात, शेकतात, निजवतात. मग पापण्या जड होतात. घरच्यांना वाटतं, झोप आली, बरं झालं. ती झोप नसते.”

“आन् मग?”

“मग जीभ जड होते. आणि श्वास बंद पडतो.”

“आन् दवाखान्यात न्हेलं असतं तर?”

इथे मी बरणी टेबलावर ठेवली. या वाक्यासाठी मी घरी आरशासमोर सराव केला होता.

“दवाखान्यात लस आहे,” मी म्हणालो. “पोटात दुखायला लागल्याबरोबर नेलं तर माणूस दगावायचं काही कारण नाही. आज सापाच्या दंशानं मरतो तो विषानं मरत नाही, मंडळी. तो घरच्यांच्या अज्ञानानं मरतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुतगिरणीतल्या एका माणसाने तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. हौसाबाई खाली बसल्या. तातोबा प्रोजेक्टरपाशी दोन्ही हात टेबलावर टेकून उभे होते.

व्याख्यान संपल्यावर लोकांनी मला घेरलं. कुणाला बरणी जवळून बघायची होती, कुणाला आपल्या गावात निघालेल्या सापाचं सांगायचं होतं. अर्ध्या तासाने मोकळा झालो तेव्हा हौसाबाई गेल्या होत्या. तातोबा एकटेच बाक उचलून भिंतीला लावत होते.

“काय प्रश्न विचारला वहिनींनी!” मी म्हणालो. “आणि तुम्ही म्हणत होतात, तिला काय कळतंय.”

“व्हय, सर,” ते म्हणाले.

“त्यांना पुढच्या वेळीही आणा.”

“व्हय, सर.”

एरवी व्याख्यान झालं की ते मला चहा आणून द्यायचे. त्या दिवशी किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले. मी प्रोजेक्टर कपाटात ठेवायला उचलला, तर खालच्या खणात हातरुमालात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. बल्ब होता. आणि शेजारी दोन नवे, खोक्यांतून न काढलेले. रुमालातला बल्ब मी लावून पाहिला. लख्ख पेटला.

मला राग आला. खोटं बोलून माझ्या व्याख्यानाचा विचका करायचा, आणि तोही सगळ्या गावासमोर, हे काय? शनिवारी जादा थांबावं लागतं म्हणून असेल, बायकोला बोलावलं म्हणून असेल. सोमवारी चांगलं विचारायचं ठरवलं. सोमवारी तातोबा आले नाहीत. पंधरा वर्षांत त्या माणसाने न कळवता रजा घेतली नव्हती. मंगळवारीही आले नाहीत. मग मी तो बल्ब खिशात घातला आणि त्यांच्या घरी गेलो. विचारायला गेलो, काळजीने नाही.

दार उघडंच होतं. तातोबा बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून खाली बसले होते. दाढी वाढलेली. आतल्या खोलीत हौसाबाई पत्र्याच्या ट्रंकेत लुगडी घालत होत्या. मी आत पाय टाकला तसे तातोबा उठायला लागले.

“बसा, बसा. बरं नाही का?”

“बरं हाय, सर.”

मी खिशातून बल्ब काढला आणि त्यांच्यासमोर धरला.  त्यांनी तो बघितला, मग आतल्या खोलीकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले, “फोटू दिसला नसता तर तुमी म्होरं गेला असता असं वाटलं. तुमी बाटलीच काढलासा.”

“म्हणजे?”

“सर, आमची मंगल...” एवढं बोलून ते थांबले.

तातोबांना एक मुलगी होती आणि ती लहानपणी गेली, एवढंच मला ठाऊक होतं. कधी, कशाने, हे मी कधी विचारलं नव्हतं. तीन वर्षं रोज बरोबर काम करून विचारलं नव्हतं.

सगळं सांगितलं ते हौसाबाईंनीच. ट्रंकेपाशी बसूनच, माझ्याकडे न बघता.

तीन वर्षांपूर्वी तातोबा इथे नोकरीला एकटेच राहायचे आणि हौसाबाई मुलीला घेऊन गावी, खडकेवाडीला. मंगल सात वर्षांची. भादव्यातली गोष्ट. दोघी घराच्या पुढच्या सोप्यात जमिनीवर निजलेल्या. पहाटे पोर उठली आणि पोटात दुखतंय म्हणाली. आदल्या दिवशी गणपतीच्या प्रसादाची बुंदी खाल्ली होती.

“मी म्हनलं, खा आनिक बुंदी,” हौसाबाई म्हणाल्या. “रागावले तिला. ववा दिला. गरम फडकं केलं. मग डोळं मिटाया लागली. म्हनली, आई, डोळंच उघडंना. मी म्हनलं, झोप आलीया, नीज. मांडीवर घेऊन थोपटली. दिवस उगवला तवा...”

त्यांनी एक लुगडं ट्रंकेतून काढलं, पुन्हा घडी घातली, पुन्हा आत ठेवलं.

“गावात जीप हुती,” त्या म्हणाल्या. “सरपंचाची. मागितली असती तर न्हाई म्हनला नसता.”

मी उभाच होतो. हातात तो बल्ब. कुठे ठेवावा ते कळेना.

“हौसा, गप,” तातोबा म्हणाले.

“का गप? आता सर आल्यात तर सांगू दे.” मग पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. “सर, मी समजत हुते तिला बाहेरचं झालं. गावात समदी तसंच म्हनली. देवाची करनी म्हनली. मी तेवढ्यावर जगत हुते. ह्येंनी मातर वळखलं हुतं. माती द्यायच्या आदी अंगूळ घालताना घोट्याला दोन ठिपके दिसलं ह्यास्नी. शनवारी घरी आल्यावर मी इचारलं, तवा सांगितलं. तीन वर्सं माहीत हुतं.”

“तुला तरास नगं म्हून, हौसा.”

“व्हय. तीन वर्सं माझ्या हातचं खाल्लंसा. माझ्या शेजारी निजलासा. आन् रोज मनात म्हनत असशीला, हिनंच मारली.”

“न्हाई गं. आईची आन. येकदाबी न्हाई.”

“मला काय ठावं? तुमी बोललाच न्हाईसा. बोलला असता तर दोघं मिळून रडलो असतो. तुमी येकलं रडलासा आन् मी येकली.”

तातोबांनी तोंडावर पंचा धरला. त्यांच्या खांद्यांना हिसके बसत होते, पण आवाज येत नव्हता. आवाज न करता रडायची त्यांना सवय झाली असावी.

मी खाली बसलो. आणि मी जे बोललो ते सगळं खरं होतं, हे मी आजही शपथेवर सांगू शकतो.

“वहिनी, ऐका माझं. शनिवारी मी बोललो ते तितकं खरं नव्हतं. मण्यारीच्या विषावर लस दिली तरी ती प्रत्येक वेळी लागू पडतेच असं नाही. लस देऊनही श्वास बंद पडतो. मग श्वास चालवायचं यंत्र लागतं. तुमच्या तालुक्याला ते नाही. जिल्ह्याला एक आहे, ते चालू असेल तर. जीप मिळाली असती, तुम्ही तालुक्याला पोचला असता, तिथे त्या दिवशी लस असती की नाही कुणास ठाऊक. असती तरी मंगल वाचली असती असं कुणीही सांगू शकत नाही. कुठलाही डॉक्टर नाही.”

त्या शांतपणे ऐकत होत्या.

“मग शनवारी का म्हनलासा?”

 टाळ्यांसाठी म्हणालो, हे कसं सांगणार?

“लोकांनी दवाखान्यात जावं म्हणून,” मी म्हणालो. “जरा वाढवून बोललो.”

“शंबर माणसांम्होरं सांगितलासा. पुस्तकं वाचून सांगितलासा. आन् आता माझ्या दारात येऊन दुसरंच सांगतासा.”

“आता सांगतोय ते खरं आहे, वहिनी.”

त्या माझ्याकडे बघून हसल्या. शुक्रवारी तांदूळ निवडताना हसल्या होत्या, तसं नाही.

“तुमी लई चांगलं हायसा, सर,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाटनं खोटं बोलाय आलासा.”

मी पुन्हा सांगितलं. तेच, निराळ्या शब्दांत. आकडे सांगितले, पुस्तकांची नावं सांगितली. जितकं जास्त बोललो तितकी त्यांना माझी जास्तच दया आली असावी. शेवटी त्या उठल्या, आणि मी पाहुणा आहे म्हणून मला गूळ-पाणी आणून दिलं.

“ते अज्ञान का काय म्हनलासा,” तांब्या ठेवता ठेवता त्यांनी विचारलं. “त्ये म्हंजी अडानीपनाच न्हवं?”

बुधवारी सकाळच्या गाडीने त्या खडकेवाडीला गेल्या. तातोबा गुरुवारी कामावर आले आणि संग्रहालयाचं कुलूप उघडून पक्ष्यांवरची धूळ झटकायला लागले. आम्ही त्यावर काही बोललो नाही. व्याख्यानं चालू राहिली, नाही असं नाही. प्रोजेक्टर मीच चालवायला लागलो. पुढच्या वर्षी पुन्हा सापांचा विषय आला तेव्हा मी नाग, घोणस, फुरसं एवढंच सांगितलं. मण्यारीवर आलो तेव्हा नाव घेतलं आणि पुढे गेलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तातोबा दर महिन्याला गावी जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. हौसाबाई काही परत येत नव्हत्या.

“भांडण आहे का?” मी एकदा धीर करून विचारलं.

“भांडान न्हाई, सर. भाकरी करून वाडती. बोलतीबी. पन म्हनती, तुमी माझ्याकडं बगितलं की मला तीन वर्सं दिसत्यात.”

दोन वर्षांनी, पावसाळा संपता संपता, मी त्यांच्याबरोबर खडकेवाडीला गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. जावंसं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती, आणि तातोबांनी ‘चला की’ म्हटल्यावर मी नाही म्हणू शकलो नाही. घराला कडी होती. शेजारची म्हातारी म्हणाली, “हौसा व्हय? दवाखान्यात गेलीया. शेवंताची पोर पाटंपासनं पोटात दुखतंय म्हनून रडत हुती. घेतली उचलून आन् गेली.”

तातोबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

म्हातारीला बोलायला कुणीतरी हवंच होतं. “हिचं आसंच चाललंया बगा. कुनाच्या पोराचं पोट दुकाय लागलं की ही हजर. आईबापाला इचारीतबी न्हाई. जीप न्हाई तर ट्रॅक्टर, न्हाई तर चालत. तीन कोस! सरकारी दवाखान्यातला डाक्टर वैतागलाय. म्हनतो, बाई, आजवर एवड्या पोरांस्नी घेऊन आलीस, येकालाबी साप चावल्याला न्हाई.”

आम्ही ओट्यावर बसून राहिलो. दुपार कलली तेव्हा रस्त्यावरून हौसाबाई येताना दिसल्या. खांद्यावर तीन-चार वर्षांची पोर गाढ झोपलेली. पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल. त्या थकल्या होत्या, वाळल्याही होत्या. आम्हाला बघून थांबल्या.

“काय निघालं?” मी विचारलं.

“जंत,” त्या म्हणाल्या. “गोळी दिलीया.”

पोरीला तशीच खांद्यावर धरून त्या ओट्याच्या कडेला टेकल्या. 

“ते भाषण करतासा का आजून, सर?”

“करतो.”

“मन्यारीचं सांगतासा?”

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं होतं. पण या बाईशी मला पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो. “ते मी सोडून दिलं.”

“माझ्यामुळं?”

“हो.”

त्यांचा चेहरा एकदम कडक झाला. अंगावरची पोर जागी होईल म्हणून आवाज मात्र त्यांनी वाढवला नाही.

“आसं कसं केलासा? मला आयकाय नगं हुतं त्ये खरं. पन तितं बाकीची माणसं हुती न्हवं? त्यांची पोरं खालीच निजत्यात. त्यास्नी कोन सांगनार?”

मी मान खाली घातली. तातोबा अंगणाकडे बघत होते.

“येक इचारू?” हौसाबाई म्हणाल्या. “खरं सांगा. तितं म्हनलासा त्ये खरं का दारात म्हनलासा त्ये?”

“दारात म्हणालो ते.”

“ती न्हाई वाचली असती?”

“वाचली असती, किंवा नसतीही. माहीत नाही, वहिनी. खरंच माहीत नाही.”

 त्यांनी विश्वास ठेवला का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

“मग तसंच सांगा लोकांस्नी,” त्या म्हणाल्या. “माहीत न्हाई म्हनून सांगा. पन जावा म्हनून सांगा.”

पोरीने झोपेतच कूस बदलली. हौसाबाई उठल्या. शेवंताचं घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला होतं. तातोबाही उठले आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाले, “आण हिकडं. दमलीयास तू.”

त्यांनी पोर दिली नाही.

“माझ्याकडंच ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या, आणि चालायला लागल्या. तातोबा तसेच हात पुढे केलेले उभे राहिले. मग ते चार पावलं मागे ठेवून त्यांच्यामागून चालत गेले. वळणावर दोघं दिसेनाशी होईपर्यंत त्यांच्यातलं अंतर तेवढंच होतं.